एकशे सदतिसावी सही

एकशे सदतिसाव्या ओळीवर पुंडलिकरावांचं बोट थांबलं. तिथं देवकाबाईची सही होती. देवकाबाई म्हणजे त्यांची सख्खी मोठी बहीण, आणि ती कार्तिकात वारली होती. ठराव झाला होता सव्वीस जानेवारीला. पुंडलिकरावांनी चष्मा काढला, बनियनच्या टोकानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. सही तिथंच. निळ्या शाईत, गोल गोल, सावकाश काढलेली, ओळीबाहेर न जाणारी. मतदारयादीत मेलेली माणसं कशी जिवंत राहतात, हे त्यांनी नववी-दहावीच्या पोरांना पस्तीस वर्षं हसत हसत सांगितलं होतं. पोरंही हसायची. आज ते हसू कुठं गेलं कोण जाणे. खिडकीत कूलर घरघरत होता, आत गोपिका पोळ्या लाटत होती, बाहेर आर्वी नाक्याकडून येणाऱ्या ऑटोंचे हॉर्न वाजत होते, आणि चैत्रातल्या शनिवारी सकाळी साडेदहा वाजता पुंडलिकराव त्या ओळीवर बोट दाबून बसले होते. मेलेल्या बहिणीनं आपल्या कागदावर सही केली. आणि तीही कोणत्या कागदावर, तर जगातल्या लोकशाही देशांचा एक संघ व्हावा, या कागदावर!

हे संघाचं प्रकरण गोपिकाच्या भाषेत 'देशायचा बचतगट' होतं. एकदा पुंडलिकरावांनी तिला तासभर समजावून सांगितलं होतं की, ज्या देशांत लोक खरोखर आपलं सरकार निवडतात आणि बदलतात, त्यांनी एकत्र यावं, नुसत्या परिषदा भरवू नयेत, एक सभा निवडावी, तिचे नियम सगळ्यांवर बंधनकारक असावेत, आणि एखाद्या देशात निवडून आलेलाच माणूस पुढच्या निवडणुका गिळायला निघाला तर बाकीच्यांनी त्याला आडवं यावं. गोपिकानं शेंगा सोलता सोलता ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे देशायचा बचतगटच न जी? एकीनं गडबड केली का बाकीच्या बाया तिच्या दारात." तेव्हा त्यांना राग आला होता. मग रात्री त्यांनी तेच वाक्य इंग्रजीत करून मंचाला कळवलं, तर घानामधला एक वकील आणि चिलीमधल्या एक निवृत्त न्यायाधीशबाई असे खूश झाले की विचारू नका. मंच म्हणजे तरी काय, चौदा-पंधरा देशांतली शंभरेक माणसं. कुणी मास्तर, कुणी वकील, कुणी नुसतेच झोप उडालेले. कार्यालय बेल्जियममध्ये, एका खोलीत. पुंडलिकराव त्यात सहा वर्षांपूर्वी शिरले, निवृत्तीनंतर. पण खरं बघायला गेलं तर ते त्यात आणीबाणीपासून होते. वर्ध्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला असताना राज्यशास्त्राचे त्यांचे सर एका सकाळी वर्गावर आले नाहीत, ते एकोणीस महिने आले नाहीत. कुणी काही बोललं नाही. मेसमध्ये डाळ वाढणारा म्हाताराही त्यांचं नाव आलं की पळी घेऊन आत जायचा. तेव्हापासून हे डोक्यात बसलं की एकटा देश आपली लोकशाही एकट्यानं सांभाळू शकत नाही. घरात नवरा हात उचलतो तेव्हा शेजाऱ्यानं दार वाजवायला पाहिजे, नाहीतर मग शेजार काय कामाचा?

मंचाच्या मसुद्यात सव्वीस कलमं होती आणि त्यातलं अकरावं त्यांचं होतं. संमतीचं कलम. 'सभासद देशात कोणाचंही मौन ही संमती मानली जाणार नाही. वाचून न दाखवलेल्या कागदावरची सही ही सही मानली जाणार नाही.' या दोन वाक्यांवर सात महिने वाद झाला होता. आणि या दोन वाक्यांची आई होती देवकाबाई. तिला सगळं मांडवधरा टरकून असायचं. गिरडच्या टेकडीपासून तीन कोसांवरचं ते त्यांचं गाव. लसीची नर्स असो, गॅसवाला असो, बँकेचा माणूस असो, कागद पुढं आला की बाई आपली मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "वाच. मंग सही." वाचणारा घाईघाईनं दोन ओळी गाळायला लागला की बोट वर करायची, "मधातलं राह्यलं." एका विमावाल्याला तिनं वांग्याच्या धुऱ्यावर, बांधावर, बसवून नऊ पानं वाचायला लावली होती आणि वर पाणी पाजून पाठवलं होतं. पुंडलिकरावांनी हे मंचाला लिहिलं, आणि 'मधातलं राह्यलं' हे शब्द कलमाच्या टिपेत देवनागरीत छापले गेले. बेल्जियममध्ये, देवनागरीत! त्या दिवशी ते घरभर नुसते फिरत होते.

आणि आज सकाळी मेल आली होती. मसुद्याची परिशिष्टं उद्या, रविवारी संध्याकाळी बंद होणार. जगभरातून संस्थांचे, नगरपालिकांचे पाठिंब्याचे कागद आलेत, पण एका खेड्याच्या ग्रामसभेचा ठराव एकच, तुमचा. म्हणून पहिलं परिशिष्ट तो. कृपया एका ओळीचं प्रमाणपत्र जोडा की सही करणाऱ्या प्रत्येकानं ठराव ऐकून, समजून, स्वतः सही केली आहे. आणि शेवटी, अगदी आपुलकीनं: यातली तुमच्या बहिणीची सही कोणती, तेवढं खूण करून कळवा, कलम अकराच्या शेजारी छापायची आहे. पुंडलिकराव लिहायला बसले होते की, बहीण आता नाही, तिची सही यात नसणार. लिहिता लिहिता हात थांबला आणि उगाच, नुसतं गावातली नावं डोळ्यांखालून घालावीत म्हणून त्यांनी सह्यांची झेरॉक्स उघडली होती.

त्यांनी अण्णाजींना फोन लावला. अण्णाजी गावचे माजी सरपंच, आणि हा ठराव त्यांनीच सभेत मांडून दिला होता. "अण्णाजी, बाईची सही कोनं केली?"

"कोनती बाई? हां, देवकाबाई! अवो मास्तर, घरच्याच मानसानं केली असन न. नाव आहे यादीत अजून. दोनशे बारा झाल्या, पाह्यलं न? तुमचं मानाचं काम, कोन नाई म्हनन?"

"वाचून दाखवला होता का त्याइले ठराव?"

पलीकडं अण्णाजी खळखळून हसले. "वाचून? काय मास्तर तुमी बी! फवारनी पंपाच्या यादीसंगंच फिरवलं रजिस्टर, घरोघरी. लोकं म्हने मास्तरचं आहे न, आन इकडं. कोनी म्हने पंप कधी भेटते. म्या म्हटलं भेटन."

पुंडलिकरावांनी फोन ठेवला. आणि मग स्वतःशीच म्हणाले की, नवल कशाचं करतोस लेका, तू तिथं नव्हतास? होते की. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, शाळेच्या पटांगणात सतरंजीवर तेवीस माणसं बसली होती, तेवीसही कशाला, त्यातली चार तर बुंदीच्या टोपल्याशेजारी उभी होती. कोरम नाही म्हणून सभा तहकूब झाली, आणि दहा मिनिटांनी तीच माणसं तिथंच बसलेली असताना तहकूब सभा भरली, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. अशीच होते गावात सभा, वर्षानुवर्षं. अण्णाजी उभे राहिले, म्हणाले, जगात लोकशाही देशायचा एक संघ व्हावा असं आपल्या मास्तरचं म्हननं आहे, मंजूर? कुणीतरी खोकलं. मंजूर, अण्णाजी म्हणाले, आणि ग्रामसेवकानं 'सर्वानुमते' असं लिहिलं. पुंडलिकरावांनी चार पानांचं भाषण लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं, कारण बुंदी वाटायला सुरुवात झाली होती. आणि रजिस्टर मग आठ दिवस घरोघरी फिरणार हेही त्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं आणि त्यांनी तिकडं पाहिलं नाही. वर्ध्याच्या बसमध्ये बसून ते घरी आले आणि मंचाला लिहिलं: एकमतानं. हा शब्द लिहिताना त्यांना खरंखरं भरून आलं होतं, हीच तर लाजेची गोष्ट.

"अवो, लिवून टाका न त्याइले, बहीण वारली म्हनून," गोपिका पोळीचं ताट घेऊन दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. "मिटलं. त्यात काय एवढं?"

"तिची खोटी सही झाली, गोपिका. तिची! जिनं आयुष्यभर वाचल्याशिवाय सही केली नाही तिची."

गोपिका ताट टेबलावर ठेवत साध्या आवाजात म्हणाली, "तुमाले त बाईनं कधी वाचाले सांगतलं नाई." आणि भाजी आणायला आत गेली.

झालं. एवढंच ती बोलली. पुंडलिकरावांनी पोळीचा तुकडा मोडला तो हातातच राहिला. खरं होतं. बाईनं नर्सला वाचायला लावलं, बँकेला लावलं, तलाठ्याला लावलं, पोटच्या पोराला, अंकुशला लावलं. त्यांना कधीच नाही. याचा त्यांना अभिमान वाटायचा, भाऊ आहे मी तिचा, माझ्यावर भरवसा आहे. पण आपण बाईपुढं असे कागद ठेवले तरी किती? ते आठवायला लागले आणि आठवत आठवत एकाच कागदापाशी आले. एकच होता. ते उठले, सदरा घातला, पिशवीत झेरॉक्स घातली, पेन घातला, मेलमधल्या प्रमाणपत्राचा छापील कागद घातला. "जेवता न?" गोपिका आतून ओरडली. "गावाले जाऊन येतो," म्हणाले आणि निघाले.

हिंगणघाटमार्गे गिरडला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, उन्हाच्या बाजूची. सळई तापलेली. शेजारचा माणूस मोबाइलवर कुठल्यातरी देशातली दंगल बघत होता, आवाज मोठा ठेवून. पुंडलिकरावांना एरवी असं काही दिसलं की डोक्यात कलमं सुरू व्हायची: चौदावं लागू होईल, निलंबनाचं, बहुमत किती लागेल. आज काही सुरू झालं नाही. त्यांना आपली पाटी दिसत होती. साक्षरतेची मोहीम आली त्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत ते गावी जाऊन वर्ग घ्यायचे, समाजमंदिरात, कंदिलावर. बाई पहिल्या रांगेत. नवरा गेल्यावर अडीच वर्षांच्या अंकुशला कडेवर घेऊन ती माहेरी आली होती आणि बापानं तिला विहिरीजवळचा वावराचा तुकडा भाजीपाल्याला दिला होता. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि टोपलं घेऊन बाजारात बसायची. हात मातीनं फाटलेले, पेन्सिल धरली की कडाकडा मोडायची. तिला नाव लिहायला यायला एकवीस दिवस लागले. एकविसाव्या दिवशी तिनं पाटी उलटी करून सगळ्यांना दाखवली आणि हसली, आणि पुंडलिकराव, तेव्हा चौतिसातले, रडले होते. खोटं नाही, खरंच रडले होते. आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात तिला रजिस्ट्री ऑफिसात घेऊन गेले होते.

बाप वारून वर्ष झालं होतं. सगळेच भाऊ घेतात बहिणीकडून हक्कसोड, यात कुणाला काही वाटत नाही, उलट जी देत नाही तिचं माहेर तुटतं असंच सगळे म्हणत. पुंडलिकराव नागरिकशास्त्राचे मास्तर होते, समान हक्कांचा धडा शिकवत होते, आणि त्यांनाही काही वाटलं नाही. किंवा वाटलं असेल. बाईला सांगितलं की सातबाऱ्यावर नावं चढवायची आहेत, त्याच्यासाठी सही लागते. हे अगदीच खोटं होतं असंही नाही, नावं चढणारच होती, एकच चढणार होतं एवढंच. साहेबानं कागद पुढं ठेवून विचारलं, बाई, यात काय लिहिलंय ते समजलं का? रीतीप्रमाणं विचारलं त्यानं, दोनदा विचारलं. बाईनं भावाकडं पाहिलं. "पुंडलिकनं वाचलं न? मंग झालं." साहेबानं पुंडलिकरावांकडं पाहिलं. आणि पुंडलिकराव गप्प बसले. घशापर्यंत काहीतरी आलं होतं, शपथेवर सांगतो की आलं होतं, असं ते आता बसच्या सळईला धरून मनात म्हणत होते, पण कुणापुढं सांगणार? बाईनं जीभ दातात धरून, सावकाश, गोल गोल अक्षरात सही केली. आयुष्यातली पहिली खरी सही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती आणि वर्ध्याच्या वर्गातला एखादा हुशार पोरगा करतो तसं मांडीवर बोटानं पुन्हा पुन्हा तीच सही काढत होती. अंगठा गेला रे माहा, म्हणाली. केवढी खूश होती.

मग वर्ध्यात घर बांधायचं ठरलं आणि त्यांनी वावर विकलं, विहिरीसकट. बाईला आधी सांगितलं नाही. सांगणार होते. सौदा झाल्यावर गावी गेले तर ती तिच्या तुकड्यात होती, वांग्याची झाडं एकेक उपटून धुऱ्यावर रचत होती. फळावर आलेली झाडं. काय करून राह्यली बाई, म्हणून विचारलं तर मान वर न करता म्हणाली, "नव्या मालकाले काहाले तरास?" बस, तेवढंच. भांडली नाही, माहेर तोडलं नाही, दिवाळीला ओवाळायला वर्ध्याला आली. नव्या घराच्या उंबऱ्यावर उभी राहून, "बेस केलं घर," असं म्हणाली आणि पायरीच्या फरशीवरून एकदा हात फिरवला. दुसऱ्याचं शेत मक्त्यानं घेऊन पुन्हा वांगी लावली. पुंडलिकरावांनी सुटकेचा श्वास टाकला होता: बाईचं मन मोठं. आणि आता समुद्रपूरच्या पुढं बस वळली, डाव्या हाताला गिरडची टेकडी दिसायला लागली, तेव्हा त्यांच्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. 'वाच, मंग सही' हे बाईचं कधीपासूनचं? साक्षरतेपासूनचं, असं त्यांनी सगळ्या जगाला सांगितलं होतं, भाषणांत सांगितलं होतं, बेल्जियमला कळवलं होतं, बघा एक पाटी माणसाला काय देते. खोटं. साफ खोटं. वावर विकलं त्या पावसाळ्यापासूनचं. आधी ती कुठंही सही करायची, हौसेनं करायची, कागद दिसला की पेन मागायची. म्हणजे तिला कळलं होतं. तिनं तो कागद कुणाकडून तरी वाचून घेतला होता, की एकटीनं, एकेका अक्षराला अडखळत, स्वतःच वाचला होता, त्यांनीच शिकवलेल्या अक्षरांनी? कलम अकराची आई देवकाबाई नव्हती. ते स्वतः होते, त्यांचं पाप होतं, आणि ते पाप त्यांनी जगाच्या लोकशाहीला दागिना म्हणून घातलं होतं! मोठ्यानं ओरडावं असं त्यांना वाटलं. शेजारच्याच्या मोबाइलवर लोक धावत होते. गावात होत नाही ते देशात कसं होईल, आणि देशात होत नाही ते जगात, आणि मुळात घरात, एका बहिणीपुढं, दोन मिनिटं तोंड उघडलं असतं तर! त्यांनी कपाळ तापलेल्या सळईला टेकवलं. भाजलं तरी उचललं नाही.

अंकुश शेतातच होता. चाळीस-बेचाळिशीचा, आईसारखाच बुटका, पाठीवर घामानं सदरा चिकटलेला. वांग्याचे कॅरेट टेम्पोत चढवत होता, हिंगणघाटच्या बाजारात संध्याकाळच्या आत पोचायचं होतं. मामाला फाट्यावरून उन्हात चालत येताना पाहिलं आणि तो धावलाच. "अवो बाप्पा! मामा, फोन नाई का करा लागे? या, सावलीत या. पानी घ्या."

पुंडलिकराव पाणी प्याले. त्यांनी झेरॉक्स उलगडून पुढं धरली, बोट ठेवलं. अंकुशनं पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "म्याच केली! पाह्यली का, कशी जमली? आईच्या जुन्या पासबुकावरून गिरवली, चारदा गिरवली. रजिस्टर घेऊन आलता शिपाई, म्हने मास्तरचं काम आहे, म्या म्हटलं मंग आईची बी घे. आई असती त नसती केली का?"

"तिनं वाचाले लावलं असतं, अंकुश."

"बाकीच्याइले," अंकुश हसला. टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, त्यानं हातानंच थांब म्हणून खुणावलं. "तुमाले नाई. दवाखान्यात होती तवा सांगतलं तिनं मले. म्हने, अंकुश, कोनाचा बी कागद असो, वाचल्याबिगर सही करजो नोको, सख्खा असो का परका. पन मामानं आनला त मुकाट्यानं करजो. मामाले वाचाले सांगू नोको." तो थोडा घुटमळला, मग जसं सांगितलं तसंच सांगून टाकावं म्हणून बोलला. "म्हने, त्याले लाज वाटते."

पुंडलिकराव रिकाम्या कॅरेटवर बसले. तीस-पस्तीस वर्षं ती त्यांना सांभाळत होती. प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक राखीला, समोर बसून, त्यांच्या मोठमोठ्या गोष्टी ऐकत, हूं हूं करत, त्यांचीच लाज झाकत. जगातल्या सगळ्यांना लागू असलेल्या नियमातून तिनं एका माणसाला सूट दिली होती, आणि ती दया होती. शिक्षा केली असती तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून प्रमाणपत्राचा कागद काढला, उलटा केला, मांडीवर पिशवी ठेवून तिच्यावर लिहायला लागले. अंकुश म्हणाला, उन्हात काय लिवता, घरी चला. त्यांनी मान हलवली. पेन कागदातून आरपार जात होता तरी लिहीत होते. लिहून झालं तेव्हा टेम्पो भरला होता आणि ड्रायव्हर आत बसला होता.

"अंकुश, बस अथी. हे आयक. पूर्ण आयक."

"वाचा न मामा," अंकुश उभ्याउभ्याच म्हणाला, दुपट्ट्यानं हात पुसत.

पुंडलिकराव उठून उभे राहिले. वर्गात राहायचे तसे. "मी, पुंडलिक, मुक्काम वर्धा, लिहून देतो की, मांडवधरा ग्रामसभेचा ठराव कोणालाही वाचून दाखवलेला नव्हता. तो मी परत घेत आहे. सही क्रमांक एकशे सदतीस ही माझी बहीण देवकाबाई हिची नाही." इथपर्यंत आवाज नीट निघाला. पुढची ओळ त्यांना दिसत होती, स्वतःच्याच अक्षरात: एक्याण्णव साली तिनं केलेली सही तिची होती, पण तिला तो कागद मी वाचून दाखवला नव्हता, विहिरीजवळचा तुकडा तिचा होता, माझं घर त्याच्या पैशावर उभं आहे, त्या घरात निम्मा वाटा अंकुशचा आहे. आणि सगळ्यात खाली, मोकळ्या जागेच्या वर: हे मला पूर्ण वाचून दाखवलं, मला समजलं. त्यांनी तोंड उघडलं. घशात तेच आलं जे त्या ऑफिसात आलं होतं, तेच, जसंच्या तसं, आणि तिथंच अडकलं. हॉर्न वाजला, लांबलचक. "आ... आन," ते म्हणाले. "आन एक्याण्णव साली..." डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

अंकुश घाबरला. त्याला वाटलं मामाला ऊन लागलं. त्यानं चटकन त्यांचा दंड धरून त्यांना कॅरेटवर बसवलं. "राहू द्या न मामा, वाचता काहाले? आईनं सांगतलं न मले. सही कुठी करू थे सांगा फक्त." आणि कागद त्यांच्या हातातून हळूच काढून घेऊन, वांग्याच्या पोत्यावर ठेवून, खालच्या मोकळ्या जागेवर त्यानं सही केली. गोल गोल, सावकाश, ओळीबाहेर न जाणारी. कागद घडी करून मामाच्या खिशात घातला, वरून थापटलं. "सावलीत बसा. मी बाजार करून दोन घंट्यात येतो, मंग घरी जाऊ, जेवू. पानी पेत राहा."

टेम्पो धुऱ्यावरून गदागदा हलत निघाला. पुंडलिकरावांनी खिशातून कागद काढला, उलगडला. 'हे मला पूर्ण वाचून दाखवलं, मला समजलं,' आणि खाली सही, शाई अजून ओली. ते धडपडत उठले आणि कागद हातात धरून टेम्पोमागं धावायला लागले, अडुसष्ट वर्षांचे, ढेकळांतून, चप्पल एक निघून गेली तरी. "मधातलं राह्यलं!" ते ओरडले. "अंकुश, मधातलं राह्यलं रे!" टेम्पो डांबरीला लागला आणि त्यानं वेग घेतला.